रॅम मोकळी असूनही ‘मेमरी मिळत नाही’: लिनक्सवरच्या एमलॉक आणि पेजिंगच्या त्रासाचं निवारण

गेली काही वर्षं हा एकच बिघाड माझ्याकडे वेगवेगळ्या वेशात येतो आहे. कधी सर्च सर्व्हर, कधी डेटाबेस, कधी ऑडिओ रेकॉर्डिंगचं मशीन. दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. दोन दिवस जातात ते भलत्या जागी शोधण्यात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे ठेवला आहे: आधी फुकटचं आणि सोपं, मग अवघड. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत करा.

लक्षणं

पहिला प्रकार. सेवा सुरू होताना लॉगमध्ये ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ अशी ओळ येते, एरर क्रमांक १२. इलॅस्टिकसर्च या सर्च सर्व्हरमध्ये ती ‘अनेबल टू लॉक जेव्हीएम मेमरी’ या शब्दांनी सुरू होते. त्याच क्षणी फ्री कमांड चालवली तर ३२ जीबीतली निम्मी रॅम मोकळी दिसते.

दुसरा प्रकार. एरर काहीच नाही. प्रोग्राम दिवसभर व्यवस्थित चालतो, पण सकाळचं पहिलं काम किंवा जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलं काम पाच-दहा सेकंद अडकतं. सीपीयू निवांत असतो आणि डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत असतो. तेच काम लगेच पुन्हा केलं तर चुटकीसरशी होतं. त्यामुळे तक्रार करणाऱ्यालाच ‘आता तर चालतंय की’ असं ऐकून घ्यावं लागतं.

तिसरा प्रकार क्वचित दिसतो. एखादा प्रोग्राम मेमरी लॉक करायला (म्हणजे ती रॅममध्येच धरून ठेवायला) लागल्यापासून अधूनमधून सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची एरर) देऊन मरतो आणि कोडमध्ये पॉइंटरची चूक काही केल्या सापडत नाही.

तपासणीपूर्वी एवढं ध्यानात घ्या

इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या मशीनवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी ४ केबीच्या तुकड्यांत म्हणजे पेजांमध्ये वाटतं. बराच वेळ कोणी हात न लावलेलं पेज रॅमची गरज पडली की बाहेर काढलं जातं. प्रोग्रामचा स्वतःचा डेटा असेल तर तो स्वॅपमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या डिस्कवरच्या जागेत, लिहिला जातो. फाइलमधून आलेलं आणि न बदललेलं पेज असेल तर ते नुसतं टाकून दिलं जातं, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. प्रोग्रामने ते पेज पुन्हा मागितलं की पेज फॉल्ट होतो. पेज रॅममध्येच असेल आणि फक्त नोंद जोडायची राहिली असेल तर तो मायनर फॉल्ट, त्याची काळजी नको. डिस्कवरून आणावं लागलं तर मेजर फॉल्ट. रॅम वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला साधारण १०० मायक्रोसेकंद म्हणजे हजारपट, आणि फिरत्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद म्हणजे लाखपट. सकाळची ती अडखळ म्हणजे असे हजारो मेजर फॉल्ट एकामागून एक.

एमलॉक ही सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती) सांगते की ही पेजं रॅममध्येच ठेव. एमलॉकऑल प्रोसेसच्या सगळ्या पेजांसाठी तेच सांगते. पण लॉक झालेलं पेज सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून कायमचं उचललेलं असतं, म्हणून साध्या प्रोसेसला त्यासाठी कोटा ठरवून दिलेला असतो. लिनक्स २.६.९ पूर्वी रूटशिवाय (सर्वाधिकारी वापरकर्त्याशिवाय) कोणाला लॉक करताच येत नसे. त्यानंतर साध्या प्रोसेसलाही परवानगी मिळाली, पण कर्नलची मूळ मर्यादा बराच काळ होती ६४ केबी, म्हणजे जेमतेम १६ पेजं. कर्नल ५.१६ पासून ती ८ एमबी झाली. आजच्या डेटाबेससाठी दोन्ही आकडे नगण्यच.

म्हणजे एरर १२ मध्ये ‘मेमरी नाही’ असं लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा अर्थ असतो ‘तुमचा कोटा संपला’. कोटा शून्यच असेल आणि खास अधिकारही नसेल तर एरर क्रमांक १ येतो, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. लॉगमध्ये कोणता आकडा आहे ते आधी नीट वाचा.

पहिली तपासणी: पेजिंग खरंच होतंय का?

हिला खर्च शून्य आणि धोकाही शून्य. मशीन अडकलेलं असतानाच ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. पहिली ओळ सोडून द्या. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आणि तीच पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारे मी अनेक पाहिले आहेत. दुसऱ्या ओळीपासून ‘एसआय’ (स्वॅपमधून आत) आणि ‘एसओ’ (स्वॅपमध्ये बाहेर) हे स्तंभ पाहा. एसआय सतत शून्याच्या वर असेल तर स्वॅपमधून पेजं परत येत आहेत. एसआय शून्य आहे पण ‘बीआय’ (डिस्कवरून वाचन) खूप मोठा आणि ‘डब्ल्यूए’ही (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) चढलेला, तर फाइलींची पेजं पुन्हापुन्हा वाचली जात असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

मग नेमक्या प्रोसेसकडे या. प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडला ‘मिन_एफएलटी’ आणि ‘मेज_एफएलटी’ (मायनर आणि मेजर फॉल्ट) हे स्तंभ मागा. हे आकडे प्रोसेस जन्मल्यापासूनचे असतात, त्यामुळे एका वाचनाचा उपयोग नाही. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. अडखळ चालू असताना मेजर फॉल्टचा आकडा शेकड्यांनी वाढत असेल तर तुम्ही योग्य लेखावर आलात. तो हललाच नाही, तर इथेच थांबा आणि नेटवर्क, डीएनएस, डेटाबेसमधली कुलपं यांच्याकडे वळा. मेमरी लॉक करून त्यातलं काहीही सुटणार नाही.

कर्नल ४.२० किंवा पुढचं असेल तर प्रोकमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात जिथे दाखवतं त्या फोल्डरातल्या) प्रेशर फोल्डरातली मेमरी ही फाइलही वाचता येते, मात्र काही डिस्ट्रोंमध्ये ही सोय बंद ठेवलेली असते. तिच्यातली ‘फुल’ची ओळ सांगते की सगळीच कामं मेमरीसाठी ताटकळण्यात किती टक्के वेळ गेला. वरिष्ठांना दाखवायला हा आकडा फार कामाचा आहे, कारण तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी तपासणी: चालू प्रोसेसला विचारा, फाइलीला नको

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलंय याला काडीचं महत्त्व नाही. चालू असलेल्या प्रोसेसच्या पदरात काय पडलं, ते पाहा.

प्रोकमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर असतं. त्यातल्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये ‘मॅक्स लॉक्ड मेमरी’ ही ओळ शोधा. पुढे दोन आकडे दिसतील, सॉफ्ट (आत्ता लागू असलेला) आणि हार्ड (जिथपर्यंत वाढवता येईल तो), दोन्ही बाइटमध्ये. मग ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘व्हीएमएलसीके’ ही ओळ पाहा. प्रत्यक्षात किती केबी लॉक आहे ते तिथे कळतं. त्याच फाइलमधली ‘व्हीएमस्वॅप’ ही ओळ सांगते की किती मेमरी आत्ता स्वॅपमध्ये पडून आहे.

मागे एका धाकट्या सहकाऱ्याचा रात्री साडेअकराला फोन आला होता. “दादा, लिमिट अनलिमिटेड केलंय, तीनदा रीस्टार्ट केलंय, तरी तीच एरर.” मी त्याला लिमिट्स फाइल मोठ्याने वाचायला सांगितली. तो वाचत गेला आणि एकदम थांबला. “पासष्ट हजार पाचशे छत्तीस बाइट.” म्हणजे ६४ केबी. त्याने केलेला बदल प्रोसेसपर्यंत पोचलाच नव्हता. तीन तास तो फाइलीकडे बघत बसला होता आणि उत्तर प्रोसेसपाशी होतं.

तिसरी तपासणी: कोटा वाटेत कुठे हरवला?

सर्वाधिक केसेस इथेच सुटतात, म्हणून जरा रेंगाळतो.

जुनी सवय अशी की ईटीसीमधल्या सिक्युरिटी फोल्डरातल्या ‘लिमिट्स.कॉन्फ’मध्ये मेमलॉकची, म्हणजे लॉकच्या कोट्याची, ओळ घालायची. ती फाइल वाचतं पॅमचं (लॉगिनची पडताळणी करणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल, तेही कोणी लॉगिन करतं तेव्हा. सिस्टमडीने (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) सुरू केलेली सेवा लॉगिन करत नाही, त्यामुळे ती फाइल तिच्या वाटेत येतच नाही. हाताने टर्मिनलवर चालवलं की चालतं आणि सेवा म्हणून चालवलं की फसतं, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. सेवेसाठी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने युनिटमध्ये (सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये) सर्व्हिस विभागाखाली ‘लिमिटमेमलॉक=इन्फिनिटी’ लिहा, मग सेवा रीस्टार्ट करा. युनिट फाइल एडिटरने थेट बदलली असेल तर आधी डेमन-रीलोड करायला (सिस्टमडीला फाइली पुन्हा वाचायला लावायला) विसरू नका.

दुसरा सापळा एककांचा. लिमिट्स.कॉन्फमध्ये मेमलॉकचा आकडा केबीमध्ये असतो. बॅशमधली ‘यूलिमिट -एल’ केबीमध्येच उत्तर देते. सिस्टमडीत मात्र नुसता आकडा लिहिला तर तो बाइट धरला जातो, आणि डॉकरच्या मेमलॉक पर्यायातही बाइटच. आता पाहा: लिमिट्स.कॉन्फमध्ये ६५५३६ म्हणजे ६४ एमबी. तोच आकडा उचलून सिस्टमडीच्या युनिटमध्ये चिकटवला की होतात ६५५३६ बाइट, म्हणजे नेमके ६४ केबी, कर्नलची जुनी मूळ मर्यादा! माणसाला वाटतं आपला बदल लागूच झाला नाही. तो लागू झालेला असतो, फक्त हजारपट लहान होऊन. नव्या कर्नलवर तर मूळचे ८ एमबी होते ते आपणच ६४ केबीवर आणून ठेवलेले असतात. सिस्टमडीत आकडा लिहायचाच असेल तर शेवटी एम किंवा जी लावा, शंकेला जागा राहणार नाही.

सेवा बंद न करता फक्त खात्री करायची असेल तर रूट म्हणून ‘पीआरलिमिट’ वापरून चालू प्रोसेसची मर्यादा वाढवता येते. पण ज्या प्रोग्रामने सुरुवातीलाच लॉक मागितलं आणि नकार मिळाल्यावर तसाच पुढे गेला, तो सहसा पुन्हा विचारत नाही. त्याला रीस्टार्ट करावंच लागतं.

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या साधनाने वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्राममध्ये) असाल तर यजमान मशीनवरचा बदल आपोआप आत जात नाही. डॉकरला कंटेनर सुरू करतानाच यूलिमिटच्या पर्यायात मेमलॉक सांगावा लागतो, उणे १ म्हणजे अमर्याद. अनेक मशीनांवर (नोडांवर) कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये पॉडच्या (कंटेनरांच्या गटाच्या) वर्णनात असा रकानाच नाही. तिथे कोटा नोडवरच्या कंटेनर रनटाइमकडून येतो, तेव्हा नोड सांभाळणाऱ्याशी बोला. काही जण आयपीसी-लॉक ही कॅपॅबिलिटी (खास अधिकार) देऊन मोकळे होतात. ती असली की कोटा लागू होत नाही हे खरं, पण कंटेनरमधला प्रोग्राम रूट नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर नुसती कॅपॅबिलिटी जोडल्याने ती त्याच्या हाती पडत नाही. कोटा वाढवणं हाच सरळ मार्ग, माझं मत तरी तेच.

चौथी तपासणी: ‘स्वॅप बंद करून टाका’ हा सल्ला

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला त्याची खरोखर चिड आहे, कारण त्याने आजार जात नाही, फक्त लपतो. स्वॅप बंद केल्यावर प्रोग्रामचा स्वतःचा डेटा बाहेर जाऊ शकत नाही, एवढं बरोबर. पण प्रोग्रामचा कोड आणि लायब्ररी ही फाइलींतून आलेली पेजं आहेत. रॅम कमी पडली की कर्नल ती टाकून देतं आणि पुढच्या क्षणी तीच डिस्कवरून परत आणतं. व्हीएमस्टॅटमध्ये एसआय-एसओ शून्य, स्वॅपचा मागमूस नाही, आणि मशीन मात्र इतकं गोठलेलं की टर्मिनलवर टाइप केलेलं अक्षर उमटायला अर्धा मिनिट लागावा. बीआयचा आकडा मोठा दिसतो तो याच वेळी.

शिवाय चालू मशीनवर भर कामाच्या वेळी स्वॅपऑफ देऊ नका. स्वॅपमधलं सगळं त्याला रॅममध्ये परत आणावं लागतं. त्याला बराच वेळ लागू शकतो, आणि रॅममध्ये तेवढी जागा नसेल तर ते निम्म्यात फसतं किंवा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जागा होतो.

त्यापेक्षा आधी स्वॅपीनेस पाहा, म्हणजे कर्नल किती उत्साहाने स्वॅप करतं तो आकडा. मूळ किंमत ६० असते. डेटाबेसच्या मशीनवर मी ती १० वर आणतो. एका सिसकंट्रोल कमांडने होतं आणि तितक्याच सहज परत फिरवता येतं.

यापुढचा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात एमलॉकची गरजच पडत नाही. एका छोट्या पतसंस्थेत रोज सकाळी दहाला काउंटर उघडलं की पहिली दोन-तीन पासबुकं अडकायची. पुढे दिवसभर काही नाही. रांगेत पहिले उभे असायचे ते पेन्शन घ्यायला आलेले म्हातारे लोक, आणि काउंटरवरची ताई त्यांची दररोज माफी मागायची. सर्व्हर बदलण्यासाठी कोटेशनही मागवून झालं होतं. मी पाहिलं तर रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा आणि सगळी डिस्क वाचून काढायचा. वाचलेली प्रत्येक फाइल पेज कॅशमध्ये (फाइलींच्या प्रती ठेवण्याच्या रॅममधल्या जागेत) जाऊन बसत होती, आणि रात्रभर निपचित पडलेल्या डेटाबेसची पेजं त्यासाठी जागा करून देत होती. सकाळी ती सगळी एकदम परत मागवली जायची.

उपाय एवढाच केला की बॅकअपची स्क्रिप्ट ‘सिस्टमडी-रन’मधून चालवली आणि तिला ‘मेमरीहाय’ची ५१२ एमबीची मर्यादा घातली. फाइल जो पहिल्यांदा रॅममध्ये आणतो त्याच्या सीग्रुपच्या (कर्नलने एकत्र हिशेब ठेवलेल्या प्रोसेसच्या गटाच्या) खात्यावर ती पेजं चढतात, म्हणून बॅकअप आपल्याच ५१२ एमबीमध्ये जुनी पेजं टाकून नवी घेत राहिला आणि डेटाबेसच्या वाट्याला हात लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी काउंटरमागे उभा होतो. पहिलं पासबुक लगेच छापून बाहेर आलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या आजोबांना हाक मारली. यासाठी सीग्रुपची दुसरी आवृत्ती चालू असावी लागते, नव्या डिस्ट्रोंमध्ये ती असतेच. उलट बाजूने, डेटाबेसच्या युनिटमध्ये ‘मेमरीलो’ लिहून त्याची तेवढी मेमरी शक्यतो हलवू नका असंही सांगता येतं. लॉकपेक्षा ते सौम्य आहे, आणि अडचणीच्या वेळी कर्नलच्या हाताला थोडी मोकळीक राहते.

पाचवी तपासणी: किती लॉक करताय?

कोटा अमर्याद केला म्हणजे काम झालं असं नाही, आता नवा धोका सुरू होतो. लॉक केलेली पेजं कर्नल कोणत्याही परिस्थितीत बाहेर काढू शकत नाही. १६ जीबीच्या मशीनवर १४ जीबी लॉक केली तर बाकी सगळं, म्हणजे पेज कॅश, एसएसएच, बॅकअप, लॉग, उरलेल्या २ जीबीमध्ये मारामारी करतं. शेवटी ओओएम किलर येतो, आणि तो सहसा सर्वात मोठ्या प्रोसेसलाच, म्हणजे तुम्ही जिला जपायला निघालात तिलाच उचलतो. मी एकूण रॅमच्या निम्म्याच्या वर लॉक होऊ देत नाही. मशीनभर एकूण किती लॉक आहे ते प्रोकमधल्या ‘मेमइन्फो’त ‘एमलॉक्ड’ आणि ‘अनएव्हिक्टेबल’ या ओळींत दिसतं.

कंटेनरला मेमरीची कमाल मर्यादा असेल तर लॉक केलेली मेमरीही त्यातच मोजली जाते. कोटा अमर्याद आणि कंटेनर २ जीबीचा, अशा जोडीत प्रोग्राम सुरू होताच मारला जातो आणि कोणतीच लॉकची एरर दिसत नाही. कर्नलचा लॉग पाहा, ओओएमची नोंद तिथे सापडेल. जाव्हावाल्यांनी हीपचा (प्रोग्रामच्या डेटाच्या मेमरीचा) किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवावा, म्हणजे सुरुवातीला जेवढं लॉक झालं तेवढ्यावर हीप थांबेल.

सहावी तपासणी: प्रोग्राम स्वतः काय करतो

हे करायला सोर्स कोड किंवा एसट्रेस (प्रोग्रामच्या सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लागेल. इथपर्यंत फार थोड्या केसेस येतात, पण येतात त्या चिवट असतात.

एसट्रेसमध्ये एमलॉकऑल यशस्वी झालेली दिसते आणि तरी व्हीएमएलसीके शून्य? मग त्यानंतर फोर्क (प्रोसेसने स्वतःची प्रत, म्हणजे मूल, काढणं) झालाय का बघा. लॉक मुलाकडे वारशाने जात नाहीत. जुन्या पद्धतीचे डेमन (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा) आधी सगळं लॉक करतात, मग फोर्क करून पार्श्वभूमीत जातात आणि मूळ प्रोसेस बंद होते. मागे उरतो तो मुलगा, ज्याचं एकही पेज लॉक नाही. एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणं) झाल्यावरही लॉक जातात. लॉकची ओळ फोर्कच्या खाली हलवली की झालं. आपला प्रोग्राम असेल तर सिस्टमडीखाली फोर्क न करता समोरच चालवा.

आता ते गूढ सेगमेंटेशन फॉल्ट. एमलॉकऑलला ‘एमसीएल फ्यूचर’ हा ध्वज (फ्लॅग) दिला की यापुढे मिळणारी प्रत्येक मेमरीही लॉक होते. स्टॅकही (फंक्शनांच्या कामाची तात्पुरती मेमरी) त्यात आला. स्टॅक वाढायला गेला आणि कोटा संपलेला असला तर कर्नल ती वाढ नाकारतं, आणि नाकारण्याची त्याची रीत म्हणजे थेट सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल. पॉइंटर निर्दोष असतो. असा फॉल्ट दिसला की आधी लिमिट्स फाइलमधला आकडा आणि व्हीएमएलसीके शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकमेकांना भिडले असतील तर डीबगर बंद करा आणि कोटा वाढवा.

त्याच ध्वजाचा दुसरा परिणाम थ्रेडवर होतो. थ्रेडचा स्टॅक बहुतेक ठिकाणी ८ एमबी धरलेला असतो. एरवी त्यातली वापरलेली चार-दोन पेजंच रॅम घेतात, पण फ्यूचर ध्वजाखाली सगळे ८ एमबी भरून लॉक होतात. १०० थ्रेड म्हणजे ८०० एमबी, एकही काम न करता. थ्रेड बनवतानाच स्टॅक लहान मागा, किंवा ‘एमसीएल ऑनफॉल्ट’ वापरा. तो कर्नल ४.४ पासून आहे आणि पेजाला हात लागल्यावरच ते लॉक करतो. मात्र ज्यांना पहिला स्पर्शसुद्धा उशिरा झालेला चालत नाही, म्हणजे ऑडिओ आणि यंत्रनियंत्रणवाले, त्यांनी ऑनफॉल्ट टाळून सुरुवातीलाच सगळ्या पेजांना एकदा हात लावून घ्यावा.

पासवर्ड किंवा किल्ली स्वॅपमध्ये जाऊ नये म्हणून लॉक करणाऱ्यांसाठी एक इशारा. लॉक पेजावर बसतो आणि त्याची मोजदाद होत नाही. एकाच ४ केबीच्या पेजात दोन किल्ल्या असतील, दोन्ही लॉक केल्या आणि एक अनलॉक केली, तर दुसरीचंही कुलूप निघालेलं असतं. आणि लॅपटॉप हायबरनेट झाला की लॉक असो वा नसो, रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो. तिथे डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच हवी.

सातवी पायरी, आणि इथे थांबा

पेजं लॉक आहेत, मेजर फॉल्ट शून्य आहेत, तरी मायक्रोसेकंदांच्या हिशेबात झटके बसताहेत, असं झालं तर प्रश्न वेगळ्या पातळीवर गेला. एमलॉक पेज रॅममध्ये राहील एवढंच वचन देतो, रॅममधल्या त्याच जागी राहील असं नाही. कॉम्पॅक्शनमध्ये (मोकळी जागा सलग करताना) कर्नल लॉक केलेली पेजंही इकडून तिकडे हलवू शकतं आणि त्या वेळी मायनर फॉल्ट होतात. ‘कॉम्पॅक्ट_अनएव्हिक्टेबल_अलाउड’ ही किंमत साध्या कर्नलमध्ये १ असते, रिअलटाइम कर्नलमध्ये ०, ती याचसाठी. नूमा बॅलन्सिंग (पेजं ती वापरणाऱ्या प्रोसेसरजवळच्या रॅममध्ये हलवणं) आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (छोट्या पेजांची आपोआप मोठी पेजं करणं) यांचाही हात असू शकतो. हे खटके एकेक करून फिरवण्याचा मोह होतो, पण चाचणीचं मशीन नसेल तर फिरवू नका. ज्याने रिअलटाइम लिनक्सवर प्रत्यक्ष काम केलं आहे अशा माणसाला बोलवा.

पुढचं काहीही दिसलं तर कोणत्याही पायरीवर असाल तरी थांबा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) डिस्कच्या वाचनाच्या एरर किंवा ‘रीड-एरर ऑन स्वॅप-डिव्हाइस’ असेल तर हा मेमरीचा प्रश्न उरलेलाच नाही. आणखी प्रयोग न करता बॅकअप सुरक्षित आहे का पाहा आणि हार्डवेअरवाल्याला बोलवा. प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (बहुधा डिस्कची वाट पाहत, मारताही न येणाऱ्या) अडकल्या आहेत आणि कर्नल ‘ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंड्स’ म्हणतंय, तेव्हाही स्टोरेज जाणणारा माणूस हवा. तिसरी गोष्ट, हिशेब करून दिसलं की सगळ्या सेवांची खरी गरजच रॅमपेक्षा जास्त आहे, तर कोणतीही सेटिंग ती जागा निर्माण करणार नाही. रॅम वाढवा किंवा एक सेवा दुसऱ्या मशीनवर न्या. आणि पैशांचे किंवा रुग्णांचे व्यवहार चालू असलेल्या डेटाबेसवर यातलं काही करायचं असेल तर स्वॅपीनेससुद्धा एकट्याने, रात्री, कोणाला न विचारता बदलू नका. डेटाबेस सांभाळणारा माणूस फोनवर असू द्या.

त्या माणसाला बोलावताना पुढच्या गोष्टी एका फाइलमध्ये तयार ठेवा: अडखळ चालू असतानाचं मिनिटभराचं व्हीएमस्टॅट, त्या प्रोसेसच्या लिमिट्स आणि स्टेटस फाइली, मेमइन्फो, डीमेसेज, आणि मेजर फॉल्टची दोन वाचनं वेळेसकट. हे सगळं मशीन रीबूट करण्याआधी उतरवून घ्या. रीबूटनंतर हे मोजमाप शून्यापासून सुरू होतं आणि तुमच्या हातात सांगायला फक्त ‘सकाळी अडकलं होतं’ एवढंच उरतं.